मागच्या फाईलवरून

स्क्रीनवरच्या लाल ओळी विनय रामटेकेला ओळखीच्या वाटल्या. बाजारात पुढे चाललेलं माणूस, चेहरा न दिसता नुसत्या चालीवरून आपल्या घरचं आहे हे कळावं, तशा. नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या चौथ्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये, ऋचा मॅडमनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला होता. "सर, आप खुद देख लीजिए," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तरुण बाई, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, टेबलावर बाकीच्या पोरांच्या निबंधांचा ढीग. समताच्या निबंधाचा मधला सगळा भाग लाल होता आणि बाजूच्या पट्टीत मशीनने तो कुठून आला ते लिहिलं होतं: केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाचा वार्षिक अहवाल. विनय त्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्या इंग्रजी वाक्यांचा ठेका त्याच्या बोटांना पाठ होता. बाधित व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी सर्व संबंधितांना आवश्यक ते निर्देश वेळोवेळी देण्यात आले असून प्रगतीचा आढावा नियमितपणे घेतला जात आहे. हे वाक्य पोरीनं चोरलं नव्हतं. तिच्या निबंधात ते त्याने, तिच्या बापाने, स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

आणि सकाळी मयूर विहारला मेट्रोत बसल्यापासून तो मनातल्या मनात तिलाच झोडत आला होता. पोरगी समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, पुण्याला एम.ए.साठी निवड झालेली, जुलैत जायचं, आईनं नवी बॅगसुद्धा आणून ठेवलेली, आणि आत्ता कॉलेजातून निरोप, की निबंध कॉपी केलाय, पालकांना घेऊन या. आपल्या घरात कॉपी? हा शब्द त्याला घाण वाटला होता. डब्यात गर्दी नव्हती. समता दाराला टेकून उभी होती आणि हळू आवाजात त्याला सूचना देत होती, जणू तीच पालक आहे. "बाबा, तिथे तुम्ही काही बोलायचं नाही. बिल्कुल नाही. मी मॅमना सांगून टाकलंय, मीच कॉपी केलं." "पण केलंस काय तू? कशातून?" "तुम्ही फक्त बसा ना. ऐकून घ्या. सही मागतील, करा. चलो, आलं स्टेशन." तेव्हा त्याला वाटलं होतं, किती निगरगट्ट झालीय ही. आता शेजारच्या खुर्चीत ती पाठ ताठ करून बसली होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं ते न बघणं म्हणजे काय, ते त्याला आत्ता कळलं. ती त्याला झाकत होती.

"समता ने मान लिया है, तो आसान है," ऋचा मॅडम सांगत होत्या. "इस पेपर में ज़ीरो, रेकॉर्ड में एक लाइन, और समर में दोबारा लिख देगी. पुणे वाला ऐडमिशन बच जाएगा. हाँ, किसी और से लिखवाया होता तो वो अलग केस है. उसमें पूरा साल जाता है. कमिटी सुनती भी नहीं." हे त्यांनी सहज सांगितलं, ट्रॅफिकचा नियम सांगावा तसं. विनयने मान हलवली. तीस वर्षं नियम वाचण्यात गेलेल्या माणसाला कलम आणि पोटकलम यातला फरक लगेच दिसतो. मुलगी चोर असेल तर जुलैत पुण्याला. बापाने लिहून दिलं असेल तर वर्ष गेलं, पुणंही गेलं. म्हणजे खोटं स्वस्त आणि खरं महाग. समताने हे आधीच वाचलं होतं आणि स्वस्तातलं उचललं होतं. रामटेक्यांची पोरगी, नियम वाचणारच.

मॅडम मग त्याला समजावून सांगू लागल्या. बहुतेक सगळ्या पालकांना सांगत असाव्यात. की सर, दुसऱ्याचं वाक्य घेणं हा गुन्हा नाहीच. घ्या ना, हवं तेवढं घ्या. फक्त दोन अवतरणचिन्हं आणि खाली एक टीप: कोणाचं, कुठलं, कुठल्या पानावर. "ताकि पढ़ने वाला जाकर देख सके कि सच में वहाँ लिखा है या नहीं. और किसने लिखा है, वो जवाब दे." जवाब दे! विनयला हसू आलं असतं. त्याच्या आयुष्यात कोणी जाऊन बघितलं नव्हतं. तो परिच्छेद त्याने अहवालात पहिल्यांदा घातला तेव्हा मागच्या वर्षीच्या फाईलवरून घेतला होता. मागच्या वर्षीचा कोणी बळवंत सिंह नावाचा असिस्टंट होता, त्याने त्याच्या मागच्यावरून घेतलेला. दर वर्षी फक्त साल बदलायचं आणि एखादा आकडा. किती जणांचं उष्टं होतं ते, देव जाणे. कोणा पहिल्या माणसाने कधीतरी ते वाक्य खरंच विचार करून लिहिलं असेल का, की त्यानेही इंग्रजांच्या फाईलीतून उचललं? खाली सही सचिवांची. ते वाचतही नाहीत. सभागृहात मंत्री तेच वाचून दाखवतात आणि बाकं वाजतात. ऑफिसात याला कोणी चोरी म्हणत नाही. याला प्रथा म्हणतात. मसुदा वर गेला आणि साहेबाने विचारलं, "प्रिसिडेंट है?", म्हणजे आधी कोणी असं लिहिलंय का, की सांगायचं, हो सर, पान चौदा. मग पेन उघडतं. स्वतःच्या डोक्यातून एक ओळ लिहा, पाच शेरे येतात. मागच्यावरून लिहा, सही येते. नवीन आलेल्या पोरांना विनय स्वतः हेच शिकवायचा, प्रेमाने, कँटीनमध्ये चहा पाजून: "बेटा, अपना दिमाग घर पे रख के आया कर. टिफिन ले आ, दिमाग नहीं."

पण तो हे ऑफिसात शिकला नव्हता. ऑफिसात त्याची फक्त घोटाई झाली. शिकला तो नागपूरला, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. बाप भाऊराव तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाल. पोरगा घरातला पहिला कॉलेजात गेलेला, पायात चप्पल मामाची. प्राध्यापकांनी ‘माझे घर’ असा विषय दिला होता आणि विनयने लिहिलं होतं, माझ्या बापाचा उजवा खांदा पोत्याच्या मापाचा झाला आहे, तो झोपला तरी खांदा जागाच असतो. सर वर्गात वही घेऊन आले, ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "कुठून उतरवलंस रे?" "माझं आहे, सर." "तुझं?" एवढंच. एक शब्द, वर प्रश्नचिन्ह. वर्ग हसला. जोशी, देशपांडे, अग्रवाल सगळे हसले, वाईट पोरं नव्हती ती, सरांना बरं वाटावं म्हणून हसली. त्यांच्या निबंधातली चांगली वाक्यं त्यांची असतात. त्यांना घरी काका असतो, कपाटभर पुस्तकं असतात, तिथून उचललं तरी त्याला संस्कार म्हणतात. आमच्या पोराने एक धड वाक्य लिहिलं की पंचनामा. विनय घरी गेला, बापाला काही बोलला नाही, आणि पुढच्या निबंधात गाईडमधलं उतरवून दिलं, अगदी कान्यामात्र्यासकट. सरांनी खाली लिहिलं: प्रगती आहे. एवढं सोपं होतं ते. जे खरंच चोरलं ते खपलं. जे स्वतःचं होतं त्याची झडती झाली. मग दिल्लीत नोकरी लागली, पहिली टिपणी त्याने रात्र जागून स्वतः लिहिली, आणि साहेब शेजारच्या साहेबाला म्हणाला, "इंग्लिश तो बढ़िया है, पता करो किससे लिखवाई." दोघं हसले, त्यालाही हसायला लावलं. त्या दिवसापासून विनय रामटेकेने स्वतःचं वाक्य लिहिलं नाही. कोणाला विचारायला जागाच ठेवली नाही. किसने लिखा? मागच्या फाईलने लिहिलं, सर.

आणि असा माणूस घरी बाप असतो तेव्हा काय करणार? लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होते तेव्हापासून, नंतर क्वार्टर पाडायला काढले म्हणून मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हाही, समताने लिहिलेला प्रत्येक कागद त्याच्या पेनाखालून जायचा. शाळेचा अर्ज, चौदा एप्रिलचं भाषण, मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड. बायको, प्रभा, चिडवायची, "अहो, तिनं उद्या प्रेमपत्र लिहिलं तर तेही तुमच्याकडे अप्रूव्हलला येईल." समता लहानपणी खूश असायची. बाबांनी बघितलं म्हणजे बरोबर. मोठी झाल्यावर तोंड वेडंवाकडं करायची, पण दाखवायची. हा निबंधही तिने मेलवर पाठवला होता: ‘बाबा, एकदा बघता? उद्या द्यायचाय. फक्त स्पेलिंग, प्लीज.’ फक्त स्पेलिंग. त्याने जेवणाच्या सुट्टीत उघडला. विषय गटारांत उतरणाऱ्या माणसांचा. त्याच्याच खात्याचा. त्याला अभिमान वाटला, आणि मग वाचत गेला तसा धास्तावला. वाक्यं उघडी होती, पायात काही न घालता चालत आलेली. पोरगी असं लिहितेय, उद्या कोणी तिला विचारलं, तुझं? तर? त्याला खरंच तेच वाटलं का? आत्ता, या केबिनमध्ये, तो स्वतःला असं सांगत होता की तेच वाटलं. त्याने मधलं पान काढलं आणि त्या जागी अहवालातला परिच्छेद बसवला. जोड दिसणार नाही अशी कडा घासली. मजबूत झालं. याच्यावर कोण बोट ठेवेल? सरकार आहे हे. त्याने तिला उलट पाठवलं, खाली लिहिलं: व्यक्तिगत उल्लेख टाळावेत. शुभेच्छा.

"एक चीज़ समझ नहीं आती," ऋचा मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्क्रीन पुन्हा स्वतःकडे ओढली होती. "समता, तुम्हारा पहला पन्ना और आखिरी पन्ना इतना... यार, दो बार पढ़ा मैंने. और बीच में यह. जैसे किसी ने कमरे में अलमारी रख दी हो. तुम बीच में कहना क्या चाहती थीं? ऐसे ही बताओ. यह कमिटी के लिए नहीं, मेरे लिए."

समता बोलू लागली, हिंदीत, इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द. की सोसायटीच्या मागच्या गल्लीत ठेकेदार माणूस आणतो. नाव विनोद असं काहीतरी, ती खात्रीने सांगू शकत नाही, कारण रजिस्टरमध्ये त्याची नोंदच नसते, ‘लेबर एक’ एवढंच. की कायद्याने बंदी आहे, म्हणून तो उतरत नाही असं कागदावर असतं, आणि म्हणून त्याला काही झालं तर तो तिथे नव्हताच. की तो बाहेर येतो तेव्हा पाणी मागत नाही, कारण मागितलं तर कुठल्या भांड्यातून द्यायचं यावर वरच्या बायका एकमेकींकडे बघतात. की तिने बाटली दिली तर तो म्हणाला, "रख दीजिए दीदी, नीचे रख दीजिए," आणि हातात घेतली नाही. ती भरभर बोलत होती, हात हलवत, प्रभासारखे. विनय ऐकत होता. हे ती घरी कधी बोलली नव्हती, किंवा बोलली असेल आणि त्याने स्पेलिंग तपासलं असेल. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. आणि मग एका ठिकाणी समता अडली. "और फिर... बस. इतना ही था." ती थांबली आणि पाणी प्याली. विनयला माहीत होतं, इतकंच नव्हतं. इथे अजून काही होतं. त्याने तिथूनच तर कापायला सुरुवात केली होती.

एक रविवार. तो भाजीची पिशवी घेऊन मागच्या गेटने आला. झाकण उघडं, शेजारी दोरी धरलेला एक जण, आणि भोकातून एक डोकं वर आलेलं, ओलं, काळं, माणसाचं. डोळे त्याच्याकडेच. त्या डोळ्यांत काही मागणं नव्हतं, राग नव्हता, तेच वाईट होतं. विनयने खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन वाजला नव्हता. "हाँ, हाँ, बोलिए सर," तो बोलला, कोणाशीच नाही, आणि गाड्यांच्या पलीकडून वळसा घालून लिफ्टकडे गेला. त्याच्या आजाला गावात मेलेली ढोरं ओढायला लागायची. बापाने पोती ओढली. तो इथवर आला तो खाली न बघता आला. खाली बघितलं असतं तर पाय घसरला असता, असं त्याला कायम वाटत आलं. कोणी वरच्या जातीचा साहेब तसा वळसा घालून गेला असता तर विनयनेच चार शिव्या दिल्या असत्या. वर बाल्कनीत समता कपडे वाळत घालत होती. तिने पाहिलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पाहिलं होतं. लिहिलं होतं. आणि त्याने ‘व्यक्तिगत उल्लेख’ म्हणून काढून टाकलं होतं, तिची कोणी झडती घेईल म्हणून नाही. स्वतःला वाचवायला. हे त्याने स्वतःशीसुद्धा आत्ता पहिल्यांदा धड वाक्यात म्हटलं आणि कान तापले.

"तुझं लिखाण परत आल्यावर वाचलं होतंस?" त्याने तिला मराठीत विचारलं. मॅडमसमोर. "मी पाठवल्यावर?"

"बाबा, नको ना."

"वाचलं होतंस?"

"वाचलं. दिसलं मला, काय काढलंय ते." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "मला वाटलं, तुम्हाला लागलं असेल. म्हणून राहू दिलं. मीच दिला ना निबंध, माझं नाव वर आहे. मग मीच केलं की. अच्छा, आता सोडा, प्लीज."

"मैडम," विनय म्हणाला, "यह हिस्सा मैंने डाला है. इसका निकाल के." आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. काचेबाहेर एका पोराने आत वळून पाहिलं.

ऋचा मॅडम उठल्या. त्यांनी दार नीट लावलं. "सर, आपने सुना था ना मैंने क्या कहा? यह दूसरा वाला केस हो जाएगा. मैं अभी चाहूँ तो मान लूँ कि मैंने कुछ सुना ही नहीं. मेरी तरफ से प्रॉब्लम नहीं है." चांगली बाई होती. सोय करून देत होती. अशा सोयींवर तर त्याने नोकरी काढली होती, आणि क्षणभर त्याला ती सोय मऊ गादीसारखी दिसली. समता पुण्याला जाईल, तिच्या नावापुढे रेकॉर्डमध्ये एक ओळ राहील, कोण बघतंय. तो ‘लिख के देता हूँ’ म्हणणार होता आणि तोंड उघडलेलंच राहिलं. कारण हेही तो तिला न विचारताच ठरवत होता. वर्ष तिचं. बॅग तिची. पुन्हा तिचं पान काढून आपलं बसवत होता, फक्त या वेळी मजकूर उदात्त होता.

"समू, वर्ष तुझं आहे," तो म्हणाला. "तू सांग. गप्प बस म्हणालीस तर बसतो. उठून घरी जातो, एक शब्द बोलणार नाही."

"आता विचारताय?"

"हो. आता."

ती हसली. हसणं आणि रडणं यांच्या मधलं काहीतरी. मग नाक पुसलं आणि लॅपटॉपकडे पाहिलं, त्या लाल पट्ट्याकडे. बराच वेळ पाहिलं. "मला चोर म्हणाले ना, तरी चालत होतं," ती म्हणाली. "खरंच. पण हे... निर्देश वेळोवेळी देण्यात आले... हे मला पटलं होतं, मी बघून आले आणि तरी असं लिहिलं, असं कोणी समजायला नको. त्या माणसाने मला बाटली खाली ठेवायला सांगितली, बाबा. आणि माझ्या नावाखाली लिहिलंय, आढावा घेतला जात आहे." ती थांबली. "आईला तुम्ही सांगायचं."

"सांगतो."

"लिहा मग."

मॅडमनी कोरा कागद दिला आणि खुर्ची जरा लांब सरकवून बसल्या. विनयने पेन उघडलं. याला मागची फाईल नव्हती. इंग्रजीत लिहायचं होतं, पहिलं वाक्य तीनदा मनात मांडलं आणि तिन्ही वेळा त्यात सचिवांचा आवाज आला. शेवटी साधं लिहिलं. की मी, विनय भाऊराव रामटेके, हिच्या निबंधातलं एक पान काढलं आणि तिथे अमुक अहवालातला, अमुक सालचा, अमुक पानावरचा मजकूर घातला. तो मजकूर अहवालातही मीच घातला होता. माझ्या आधी तो बळवंत सिंह यांनी घातला होता. त्यांच्या आधी कोणी, मला माहीत नाही. तो खरा आहे का, हे यांपैकी कोणी जाऊन पाहिल्याचं मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. हे लिहून झाल्यावर त्याचा हात थांबला. ऑफिसात कळलं तर यातल्या दर ओळीला उत्तर द्यावं लागेल, हे त्याला दिसत होतं. आश्चर्य म्हणजे घाम आला नाही. खांदे दुखत होते, इतकंच.

"काय काढलं तेही लिहायला हवं," तो म्हणाला. "सांग, तुझं वाक्य."

"तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय. पण माझ्या आठवणीतलं नको. जसं होतं तसं सांग."

त्याने अवतरणचिन्ह उघडलं आणि थांबला. समता खुर्ची ओढून जवळ आली. ती सावकाश सांगत गेली आणि तो लिहीत गेला. मॅनहोलमधून माणूस वर येतो तेव्हा आमच्या सोसायटीत खिडक्या बंद होतात. माझे वडील हे थांबवण्याच्याच खात्यात नोकरी करतात. ते चांगले आहेत. तो माणूस वर आला की दर वेळी ते फोन कानाला लावतात आणि दुसऱ्या बाजूने जातात.

पेन अडलं. "दर वेळी नाही गं," तो हळूच म्हणाला. "एकदाच."

"दर वेळी, बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ओरडत नव्हती. बाल्कनीत किती रविवार कपडे वाळत घातले असतील हिने, त्याला माहीत नव्हतं. त्याने ‘दर वेळी’ लिहिलं, चिन्ह बंद केलं, आणि खाली तिचं पूर्ण नाव घातलं.